आजोबांची सायकल: रंग देण्याआधी एवढे करा

नॉटिंगहॅम

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही पाठवलेली आजोबांच्या सायकलीची छायाचित्रे मोठी करून बारकाईने पाहिली. सर्वांत आधी एक विनंती करते: तिला रंग देण्याचे काम दादाने तूर्त थांबवावे. नवा रंग चढवण्यापूर्वी कारागीर सांगाडा पत्रा दिसेपर्यंत घासून काढतात, आणि तिच्या वयाचा जो काही पुरावा उरला आहे तो त्या घासण्यातच नाहीसा होईल.

हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला निघून गेल्यामुळे काका तिला बीएसए या इंग्लिश कंपनीची म्हणतात, परंतु बीएसएचे चिन्ह म्हणजे एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. तुमच्या छायाचित्रात पॅडलजवळच्या दातेरी चकतीत लांब चोचीच्या बगळ्यांची तीन डोकी स्पष्ट दिसतात, आणि बगळा ही येथील, म्हणजे नॉटिंगहॅमच्या, रॅले या सायकल कंपनीची खूण आहे. त्या काळातील इंग्लिश कारखाने आपली ओळख चकतीच्या पोलादातच कापून ठेवत. रजच्या चकतीत हाताचा पंजा असे, तर हंबरच्या चकतीत धावणारी माणसे. चकती झिजून बदलावी लागली असती तर आपल्याकडच्या दुकानदाराने बाजारातली साधीच बसवली असती, त्यामुळे ही मूळची असावी असे माझे मत आहे.

ती रॅले आहे एवढ्यावर मात्र प्रश्न संपत नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पश्चिम बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅलेच्या कारखान्यात याच नावाच्या सायकली तयार होऊ लागल्या, म्हणून आजोबांची सायकल इंग्लंडहून बोटीने आली की आसनसोलहून रेल्वेने, हे ठरवायला हवे. येथील मूळ कारखाना आता उरलेला नाही. त्याच्या जागेच्या एका भागावर विद्यापीठाचा जुबिली परिसर उभा आहे आणि माझा रोजचा रस्ता तिथूनच जातो, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मिळावे असे मला फार मनापासून वाटते.

सर्वांत बोलका भाग मागच्या चाकाचा हब, म्हणजे आसाभोवतीचा मधला भाग, आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना एकच वेग असे, पण या हबवर गिअरचे हब बनवणाऱ्या स्टर्मी-आर्चर कंपनीचे नाव आणि ‘एडब्ल्यू’ ही अक्षरे आहेत, म्हणजे तो तीन वेगांचा आहे. हा प्रकार १९३६ मध्ये निघाला, आणि पुढे त्याच्या कवचावर वर्षाचे शेवटचे दोन अंक व महिन्याचा अंक ठोकण्याची पद्धत पडली. तुमच्या छायाचित्रात पहिला अंक ५ दिसतो. दुसरा ३ आहे की ८, हे ग्रीसच्या थरामुळे कळत नाही. आजीच्या डब्यातील पावतीवर किंमत रुपये-आण्यांत आहे असे तुम्ही लिहिले आहे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणून ती पावती बहुधा त्यापूर्वीची असावी. अंक ३ निघाला तर पावती आणि हब यांचा मेळ बसतो. ८ निघाला तर मागचे चाक नंतर बदलले असण्याची शक्यता धरावी लागेल. हबवरून फार तर चाकाचे वय कळते, सांगाड्याचे नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

म्हणून सांगाड्याचा क्रमांक हवा. सीटची दांडी जिथे नळीत शिरते तो सांधा रॉकेलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने हलक्या हाताने पुसावा. काचकागद किंवा तारेचा ब्रश मुळीच लावू नये. क्रमांक दिसला की त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवावी, आणि बॅटरीचा उजेड बाजूने पाडून छायाचित्र घ्यावे. रॅलेचे क्रमांक सरळ चढत्या क्रमाने गेलेले नसल्यामुळे नुसत्या क्रमांकावरून वर्ष सांगता येणार नाही, पण हब, पावती आणि क्रमांक एकत्र ठेवले तर अंदाज पक्का होईल. सीटखालच्या उभ्या नळीवर काळ्या रंगाखाली जुनी सोनेरी अक्षरे आहेत का, तेही पाहावे. ‘नॉटिंगहॅम’ वाचता आले तर आसनसोलचा प्रश्नच मिटेल. पुढच्या आसाला नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला अजून अडकवलेला असेल तर तो काढू नये, त्यावरचे वर्ष तेवढे टिपून घ्यावे.

ही माहिती आली की मी ती येथील जुन्या सायकलींच्या अभ्यासकांना दाखवेन. १९५५ पासून चालत आलेला व्हेटरन-सायकल क्लब अशा सायकलींचे वय ठरवण्यास मदत करतो.

आईला आणि काकांना नमस्कार, दादा-वहिनींना सप्रेम नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची लेक