रडायलाही बंदी

महोदय,

'मॅट्रिक्स'ची नक्कल म्हणून ज्याची बोळवण झाली, तो कर्ट विमरचा चित्रपट 'इक्विलिब्रियम' (२००२) परवा बेळगावच्या टिळकवाडीत मित्राकडे पुन्हा पाहिला. त्यातल्या लिब्रिया या नगरराज्यात भावना हाच गुन्हा. लोक रोज प्रोझियम हे भावना मारणारं औषध टोचून घेतात. पुस्तकं, चित्रं जाळली जातात. 'गन काटा'ची बंदूक-कवायत झकास (जरा अतिच म्हणा!). पण जप्तीच्या खोलीत बीथोव्हेनची तबकडी लागते आणि नायक क्रिश्चन बेलचे डोळे भरून येतात, ते पाहाच. दुकानाच्या पाटीवरच्या मराठी अक्षरांनीही हळवी होणारी आम्ही सीमाभागातली माणसं. त्यामुळे असेल, मला तिथं हुंदका आला. मित्राची आई म्हणाली, "ह्यांना रडायलाबी बंदी काय रे?" आपल्या चित्रपट पुरवणीत यावर एकदा सविस्तर लिहा.

– एक वाचक, खानापूर