शेवटचे दोन आकडे चुकले हो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कोड्याच्या चौकटीत तुम्ही छापलंय की नऊ वेळा 1 लिहून त्या आकड्याचा वर्ग केला की 12345678987654300 येतो. पोह्यावर जीरावन मसाला भुरभुरता भुरभुरता वाचलं आणि हात तिथेच थांबला. अहो, 1 ने संपणाऱ्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं तर शेवटी शून्य येईल कुठून? शेवटी 321 पाहिजे, म्हणजे 12345678987654321.

मोठं गणित सोडा, नवाचा ताळा तरी घ्यायचा, म्हणजे अंकांची बेरीज करून 9 ने पडताळायचं. आमची आजी वाण्याचं बिलसुद्धा त्याशिवाय मानायची नाही. नऊ एकांची बेरीज 9, म्हणजे वर्गालाही 9 ने भाग जायलाच पाहिजे. तुमच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज येते 78, तिला 9 ने भाग जात नाही; खऱ्याची 81, तिला जातो.

भाच्याला दाखवलं तर तो हसला, म्हणे मामा, कोणीतरी कॉम्प्युटरच्या शीटमध्ये केलं असणार, ती 15 आकडे धरते आणि पुढे शून्यं भरून मोकळी होते. हा आकडा 17 अंकी, एकं दहं शतं म्हणत गेलं तर पहिला 1 'मध्य'च्या घरात बसतो, परार्धाच्या एकच पायरी खाली, तिथे बिचाऱ्या शीटचा काय दोष!

दुसरं म्हणजे तुम्ही खाली लिहिलंय 'गूढ संख्या'. गूढ कसलं? कागदावर गुणाकार मांडा, एकांच्या नऊ ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा 1, 2, 3 करत मधे 9 पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात, हातचा कुठेच येत नाही, एवढीच गंमत आहे. दहा एक घेऊन करून बघा, मधल्या रांगेत 10 होतात, हातचा शेजारच्या 9 ला जाऊन त्याचेही 10 करतो, मग 8 चे 9, आणि उत्तर येतं 1234567900987654321. डावीकडचा 8 गायबच!

आणि एवढी चौकट छापली तर कापरेकर मास्तरांचं नाव नको? देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, 6174 या आकड्याची गंमत शोधणारे गणितज्ञ. असल्या आकड्यांना 'डेमलो संख्या' हे नाव त्यांनीच दिलं, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो स्टेशनवरून, म्हणजे आजचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली होती. आमच्या इंदुरातल्या अर्ध्या मराठी घरांचं कोणी ना कोणी डोंबिवलीत आहे, त्यांना सुद्धा हे माहीत नाही, मी फोन करून विचारलं.

तर पुढच्या रविवारी चूकभूल छापा, पण टाइप करताना 17 अंक हाताने मोजा, शीटमधून कॉपी करू नका.

आपला,
बँकेतून रिटायर झालेला एक वाचक,
रामबाग, इंदूर