रोबोगाडीची मोटर कुईकुई करते, त्याचे कारण

महोदय,

विज्ञान प्रदर्शनासाठी रोबोगाडी बनवण्याबद्दल आपल्या पुरवणीत आलेला लेख चांगला होता. मात्र वेग कमी-जास्त करायला ‘ॲनालॉगराइट (पिनवर कमी-जास्त आउटपुट देणारा आदेश) वापरा’ एवढे सांगून तो थांबला. तेवढ्याने गाडी चालते, पण मोटर कुईकुई करते आणि मुले उगाच मोटरच बदलत बसतात. आर्डुइनो उनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या ९ आणि १० नंबरच्या पिनवर हा आदेश सुमारे ४९० हर्ट्झचा पीडब्ल्यूएम, म्हणजे झटपट चालू-बंद होणारा सिग्नल, देतो; तो किती टक्के वेळ चालू, त्यावर वेग ठरतो. मोटरमधली वेटोळी त्याच तालावर थरथरतात, तोच तो आवाज. वारंवारता २० किलोहर्ट्झवर नेली की तो कानाच्या टप्प्याबाहेर जातो.

त्यासाठी या पिनांचा पीडब्ल्यूएम चालवणारा चिपमधला काउंटर, म्हणजे टायमर-१, हाताने बसवावा लागतो. टायमर-० ला हात लावू नये, कारण डिले आणि मिलिस हे वेळेचे आदेश त्याच्यावरच चालतात.

दोन्ही पिन आउटपुट करून आधी टीसीसीआर१ए आणि टीसीसीआर१बी हे टायमर-१ चे सेटिंगचे रजिस्टर (चिपमधले कप्पे) शून्य करावेत. हीच पायरी हमखास गाळली जाते. आर्डुइनो स्वतःच सुरुवातीला डब्ल्यूजीएम१० हा बिट आणि ६४ चा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग भागणारी सोय) लावून ठेवतो. त्यावर नुसते नवे बिट ‘ऑर’ केले, म्हणजे जुने न पुसता वर चढवले, तर टायमर हव्या त्या मोड १० ऐवजी ११ मध्ये जातो, ओसीआर१ए (९ नंबरच्या पिनचा वेगाचा आकडा) हीच मोजणीची कमाल मर्यादा ठरते आणि त्या पिनवरची मोटर पूर्ण वेगाने सुटते. कोड बरोबर दिसतो आणि शिव्या वायरिंगला बसतात!

शून्य केल्यावर टीसीसीआर१ए मध्ये सीओएम१ए१, सीओएम१बी१ आणि डब्ल्यूजीएम११ चढवावेत. टीसीसीआर१बी मध्ये डब्ल्यूजीएम१३ आणि सीएस१०. आयसीआर१ मध्ये, म्हणजे मोजणीच्या कमाल मर्यादेत, ४०० भरावेत. या फेज-करेक्ट मोडमध्ये (मोड १०) टायमर ४०० पर्यंत चढतो आणि तसाच उतरतो, म्हणून बोर्डाच्या घड्याळाच्या १६ मेगाहर्ट्झला ८०० ने भागून २० किलोहर्ट्झ मिळतात. मग ओसीआर१ए आणि ओसीआर१बी मध्ये ० ते ४०० पर्यंतचा आकडा. १०० म्हणजे २५ टक्के. यानंतर या पिनांवर पुन्हा ॲनालॉगराइट वापरू नये. तो आदेश कमाल २५५ धरतो, म्हणून त्यात १२८ लिहिले तर ५० नव्हे, ४०० पैकी १२८ म्हणजे ३२ टक्केच मिळतात.

फास्ट मोडमध्ये (टायमर नुसता चढतो आणि थेट शून्यावर येतो) आयसीआर१ ला ७९९ देऊनही २० किलोहर्ट्झ येतात. पण तिथे ओसीआर शून्य केला तरी प्रत्येक फेरीत एक बारीक पल्स सुटतोच. मोटरसाठी फेज-करेक्टच बरा.

आता एक नवी तक्रार येईल: आधी २० टक्क्यांवर हलणारी गाडी आता जागची हलत नाही. कमी वारंवारतेत करंट तुटक मिळतो आणि त्या धक्क्यांनी गिअरचे घर्षण सुटते. २० किलोहर्ट्झला करंट सपाट होतो, धक्के बसत नाहीत. सुरुवातीला क्षणभर ६०-७० टक्के देऊन मग खाली आणावे. शिवाय बाजारात सर्रास मिळणारा एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारी चिप) १ अँपिअरला १.८ ते ३.२ व्होल्ट स्वतःच खातो. चार पेन्सिल सेलच्या ६ व्होल्टमधून मोटरला उरणार किती? लहान मोटरला मॉसफेट ट्रान्झिस्टरचा टीबी६६१२एफएनजी ड्रायव्हर कितीतरी सरस.

एल२९८एनच वापरायचा तर त्याच्या एनेबल (मोटर चालू-बंद करणाऱ्या) पिनांवरचे जंपर, म्हणजे छोटे जोड, आधी काढावेत; नाहीतर पीडब्ल्यूएम तिथवर पोचतच नाही. एनेबल आणि ग्राउंड यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावावा. रीसेटनंतर चिपच्या पिना काही वेळ तरंगत्या (ना चालू, ना बंद) राहतात, तेवढ्यात गाडी टेबलावरून उडी घेऊ शकते.

त्याच गाडीवर सर्व्हो (ठरावीक कोनात वळणारी मोटर) बसवायचा असेल तर उनोवर नेहमीची सर्व्हो लायब्ररी चालणार नाही, कारण तिलाही टायमर-१ च लागतो. पुढच्या लेखात सर्किटच्या आकृतीसोबत कोणता टायमर कशासाठी राखला आहे, तेही छापावे, ही विनंती.

– एक इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, सांगली