वरच्या माळ्यावाल्यांना दोष देण्याआधी

मा. संपादक,
स. न.

मानेवाड्याकडच्या एका तीन माळ्यांच्या फ्लॅट स्कीमचा मी सचिव आहे. हे पद कोणी मागून घेत नाही, गळ्यात पडतं. तक्रारींचं रजिस्टर माझ्याकडेच असल्यामुळे एक गोष्ट ध्यानात आली. ‘वरच्यांचं बाथरूम आमच्याकडे गळतंय’ ही तक्रार पावसाळ्यात फारशी येत नाही. ती येते डिसेंबर-जानेवारीत, गच्ची कोरडी ठणठणीत असताना. दरवर्षी याच दिवसांत दोन शेजाऱ्यांचं बोलणं बंद होतं आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांचं फावतं, म्हणून हे पत्र.

गेल्या हिवाळ्यातलं प्रकरण सांगतो. दुसऱ्या माळ्यावरच्या ताईंच्या बाथरूमच्या छताला रोज सकाळी थेंब लोंबायचे. कोपऱ्यातल्या पेंटचे पोपडे निघालेले, बीमच्या कडेने काळे ठिपके. एका ठेकेदाराने बघून निदान केलं की वरच्या बाथरूमच्या टाइल्स फोडाव्या लागतील, आणि पाऊण लाखाचं कोटेशन दिलं. गंमत अशी की वरचं कुटुंब दिवाळीपासून पुण्याला मुलाकडे होतं. फ्लॅटला कुलूप, आणि टाकीवरून येणाऱ्या त्यांच्या लाइनचा व्हॉल्व्ह मी स्वतः बंद केलेला. ज्या घरात महिनाभर नळ उघडला नाही तिथून पाणी गळणार कुठून?

मी दुपारी जाऊन पाहिलं तर छत सुकलेलं. थेंब सकाळी चौघांच्या आंघोळी झाल्यावर यायचे, तेही एका जागी नाही, तर अख्ख्या छताला सारखे. नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं) किंवा टाइल्सचे सांधे गळत असले की ओल एका जागी धरते, तिला पिवळट कडा येतात आणि आपण आंघोळ करा की नका करू, ती दिवसभर तशीच राहते. इथे तसं काहीच नव्हतं. ताईंच्या गीझरचं कढत पाणीच वाफ होऊन वर जात होतं आणि थेंब होऊन त्यांच्याच डोक्यावर परत पडत होतं.

यात जादू नाही. २५ अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर २३ ग्रॅम पाणी वाफ म्हणून राहू शकतं. तीच हवा १५ अंशांच्या स्लॅबला टेकली की तिला जेमतेम १३ ग्रॅम पेलतं. उरलेलं दहा ग्रॅम तिथेच थेंब होऊन चिकटतं, फ्रीजमधल्या बाटलीला घाम सुटतो तसं. डिसेंबर २०१८च्या अखेरीस आपल्या नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्रीनंतर उत्तरेकडची भिंत आणि बीम किती गार पडत असतील याचा अंदाज करा. पावसाळ्यात हवा दमट असली तरी भिंती एवढ्या गार नसतात. मे महिन्यात तर हवाच इतकी कोरडी की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. म्हणून ही कटकट थंडीची.

शंका असेल तर ठेकेदाराच्या आधी पोळ्या गुंडाळायची फॉईल आणा. दुपारी भिंत सुकली की हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस राहू द्या. पाणी फॉईलच्या दर्शनी बाजूवर आलं तर ते बाथरूमच्या हवेतलं. फॉईल काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर मात्र भिंतीतून ओल येते आहे. तेव्हा खुशाल प्लंबर बोलवा. ताईंकडे मागची बाजू कोरडी होती. कोटेशन देणाऱ्याला ते दाखवलं, तर तो म्हणाला, ‘फॉईलने काय कळते जी?’

आता वाफ अडते का, ते बघा. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी न्हाणीवर कवेलू होते. वाफ त्यांच्या फटींतून निघून जायची (थंडीही तिथूनच आत यायची, ते सोडा). आताच्या बाथरूमला स्लॅब, चारही भिंतींना टाइल्स, पीव्हीसीचं दार आणि डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडणारी काचेच्या पट्ट्यांची एक चिमुकली खिडकी. थंडी वाजते म्हणून आपण तिच्यातही पुठ्ठा कोंबतो. आमच्या डक्टवर तर पाऊस आत येऊ नये म्हणून कोणीतरी फायबरचा पत्रा ठोकून ठेवला होता. खालच्या माळ्यांनी एक्झॉस्टने डक्टमध्ये सोडलेली वाफ तिथेच कोंडून वरच्यांच्या खिडकीतून आत शिरायची.

खिडकीत पुठ्ठा कोंबण्यावरून एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण इथे प्रश्न पेंटचा नाही, जिवाचा आहे. कित्येकांच्या बाथरूमच्या आतच गॅसचा गीझर आहे. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन हवेत येतं, हा झाला ओलीचा भाग. पण बंद खोलीत गॅस पुरता जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस भोवळ येऊन पडतो आणि दाराला आतून कडी असते. गॅसचा गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. खिडकी उघडी ठेवून भागेल असंही कोणी समजू नये.

बाकी उपाय साधे आहेत. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम सोडा. वाफ पुष्कळ कमी होते. आंघोळ झाली की टाइल्सवर वायपर फिरवा, ओले टॉवेल आत लटकवू नका. एक्झॉस्ट आंघोळीनंतरही वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवा, आणि दाराखाली बोटभर फट असू द्या. बाहेरची हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय? बिलाची चिंता करणाऱ्यांसाठी हिशेब देतो. ४० वॅटचा पंखा रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ०.६ युनिट. २००० वॅटचा गीझर तेवढी वीज अठरा मिनिटांत खातो. काळी बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, ती घरभर उडते. ओल्या फडक्याने पुसा. वाफेची वाट न करता वरून रंग फासण्यात अर्थ नाही.

नकाशा मंजूर करणाऱ्यांना आणि बिल्डरांना एक विनंती. नकाशात प्रत्येक बाथरूमला व्हेंटिलेटर दाखवलेला असतो. ताबा देण्याआधी तो जागेवर उघडतो का, आणि डक्ट वरून मोकळा आहे का, हे एकदा हाताने तपासावं. फ्लॅट बघायला जाणारे मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या ओढून बघतात, बाथरूमची खिडकी कोणी ओढून बघत नाही.

आमच्या डक्टवरचा पत्रा आम्ही काढला आहे. आता कबुतरांसाठी जाळी लावायची आहे. पहिल्या माळ्यावरच्यांचं म्हणणं, आमच्याकडे थेंब पडतच नाहीत, मग वर्गणी आम्ही काहून द्यायची? ते अजून ठरायचं आहे.

आपला,
एका फ्लॅट स्कीमचा सचिव
मानेवाडा, नागपूर