बावखल बुजवण्याआधी

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, देवानेच माणसाला सृष्टीवर सत्ता चालवायला सांगितलंय, मग वाडीतलं बावखल, म्हणजे आपलं पावसाने भरणारं तळं, बुजवलं तर पाप कसलं? फोनवर घाईत उत्तर द्यायची ही गोष्ट नव्हे, म्हणून लिहितो.

बायबलच्या उत्पत्ती 1:28 मध्ये सत्तेची आज्ञा आहे, हे खरं. पण एक पान उलटा. 2:15 मध्ये देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत आणि राखण करायला. या राखणीचा मूळ हिब्रू शब्द ‘शामार’. ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझं रक्षण करो’ या आशीर्वादात (गणना 6:24) हाच शब्द आहे, आणि ‘मी काय माझ्या भावाचा राखणदार?’ या भावाला मारणाऱ्या काइनाच्या उत्तरातही. देव आपल्याला सांभाळतो त्याच शब्दाने आपण जमीन सांभाळायची आहे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ पत्रात ही दोन वचनं शेजारी ठेवून दाखवलं, की सत्तेचा अर्थ ओरबाडण्याची मुभा असा लावणं चूक आहे.

मला त्याहून बायबलमधलं लेवीय हे पुस्तक जवळचं वाटतं, कारण तिथे भाषा शेतकऱ्याची आहे. सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. नवं फळझाड लावलं तर तीन वर्षं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं देवाचं, पाचव्यापासून तुमचं. आणि 25:23 तर थेट आपल्यासाठीच आहे: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. सातबाऱ्यावर नाव आपलं असलं तरी हे वचन काही बदलत नाही, बाबा.

आता बावखल. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली साधारण 40 फुटांपर्यंत गोडं पाणी तोललं जातं. उलट हिशेबही तोच: पंपाने पातळी कायमची फूटभर उतरली, की खारं पाणी हळूहळू 40 फूट वर सरकतं. बावखल पावसात भरतं आणि पुढे कित्येक महिने जमिनीत झिरपत राहतं, तेच हा तोल सांभाळतं. ते बुजवलं की पाऊस गटाराने खाडीला जाणार, विहीर मचूळ होणार आणि केळीच्या पानांच्या कडा करपणार. अशी विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

गाळ एप्रिल-मेमध्ये, पाणी तळाला गेलं की काढायचा. काळा चिकट थर संपून मूळ तळ दिसला की थांबायचं. तो थरच झिरपणं अडवतो. ओला गाळ माडाच्या बुंध्याशी टाकू नका. तो घट्ट बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही. दोन आठवडे उन्हात वाळवून, फोडून, बुंध्यापासून तीन फूट लांब पसरायचा. तळाला सिमेंट किंवा प्लास्टिक अजिबात नको, मग ती नुसती टाकी होते. मोरीचं आणि संडासाचं पाणीही तिकडे वळवायचं नाही, कारण बावखलात जे जातं तेच विहिरीत उतरतं.

आई, तुझी डासांची तक्रार रास्त आहे. गप्पी मासे सोडायचे, पण नुसते सोडून भागत नाही. जलपर्णी दाट असली की मासे आत शिरत नाहीत आणि अळ्या तिथेच वाढतात. म्हणून जलपर्णी मुळासकट उपसायची आणि काठापासून लांब नेऊन सुकवायची. काठावर ठेवली तर पहिल्या पावसात परत पाण्यात येते. रॉकेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकलीस तर मासेच आधी मरतील. आणि हे मासे बावखलातच राहू देत, ओढ्यात सोडायला कुणाला देऊ नकोस, तिथल्या देशी माशांना ते जड जातात.

1 सप्टेंबरला चर्चमध्ये सृष्टीसाठी प्रार्थना असेल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने हा दिवस 1989 मध्ये सुरू केला, आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेत तो 2015 पासून आला. त्या आधी भरावाच्या डंपरला होकार देऊ नका, एवढीच विनंती. गाळ काढायला मी मेमध्ये आठ दिवस येतो. घमेली आणि दोन फावडी लागतील. जुन्या फावड्याचा दांडा ढिला झालाय, तो तेवढा बसवून घ्या.

तुमचा,
धाकटा