आई आणि आय

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

जपानीत ‘आय’ म्हणजे प्रेम, म्हणून तो शब्द आपल्या ‘आई’वरूनच गेला असणार, असं तू लिहिलंस. नाही रे, तसं नाही.

जपानी ‘आय’ चीनमधून आला, चित्रलिपीतल्या चिन्हासकट. बीजिंगला तो ‘आय’च, पण हाँगकाँगच्या कँटनीजमध्ये ‘ओय’ आणि कोरियात ‘ए’च्या जवळचा. ही भावंडं शेजारी उभी केली की आपल्या आईशी असलेलं साम्य विरून जातं. शिवाय जपानीत दुसराही एक ‘आय’ आहे, त्याचा अर्थ नीळ. जुन्या जपानीत तो ‘आवी’ होता, झिजून ‘आय’ झाला. तुर्कीतला ‘आय’ म्हणजे चंद्र, आणि महिनासुद्धा. पोर्तुगीज माणसाला कळ आली की तो ‘आय!’ म्हणतो, आपण ‘आई गं!’ म्हणतो. यांतल्या कुणाचंही कुणाशी नातं नाही. तोंड उघडून मिटण्याइतका सोपा उच्चार, तो जगात अनेकांना सुचणारच.

खरी भुरळ पडते ती फिनिश भाषेत. तिथे आईला ‘ॲइती’ म्हणतात! पण तो शब्द त्यांनी प्राचीन जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या पूर्वज भाषेतून उसना घेतला. त्याच कुळातल्या, आता लुप्त झालेल्या गॉथिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलात त्याचा भाऊबंद सापडतो. फिनिशचा स्वतःचा जुना शब्द ‘एमो’ आता मुख्यतः पशुपक्ष्यांच्या आईसाठी उरलाय. आईसाठीचा शब्दही माणसं परक्यांकडून घेतात, हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होतो.

आणि आपली आई? काही जण तिला संस्कृत ‘आर्यिका’पर्यंत, म्हणजे ‘आदरणीय स्त्री’पर्यंत नेतात. मला ते पटत नाही. आर्यिकेची प्राकृतात ‘अज्जिआ’ झाली आणि तिची आपली आजी. ती वाट सरळ दिसते. उलट तमिळमध्ये आईला ‘आय’, ‘आयी’ असे जुने शब्द आहेतच. अण्णा, अक्का, अप्पा हे आपल्या घरात द्राविडी भाषांतून आले, मग आईच का नसेल? हा माझा कौल, सिद्धान्त नव्हे. मुलं सांभाळणारी ‘आया’ मात्र यातली नव्हे, ती पोर्तुगीजांबरोबर आली.

तुझ्या शेजारी तमिळ कुटुंब राहतं ना? त्यांच्या आजींना एवढं विचार, की त्यांच्या गावाकडे ‘आयी’ कुणाला म्हणतात, आईला की आजीला? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझा,
विनू