ताई, कसारा आधी, कळवा नंतर

प्रिय ताई,

नाव घालू नकोस असं तू बजावलंस, म्हणून नुसतं ताई. पण पत्र सगळ्यांसमोरच लिहितेय. डेटाबेसला घाबरून बसलेल्या माझ्यासारख्या आणखीही असतील, आणि त्या चार रविवारी तू माझ्यासाठी जे केलंस ते त्यांच्याही कानावर जावं असं मनापासून वाटतं.

तुझ्याकडे आले तेव्हा माझी काय अवस्था होती ते तू पाहिलंयस. ऑफिसात एका अपडेटला, म्हणजे बदल करणाऱ्या आज्ञेला, 'व्हेअर' (कुठल्या ओळींत बदल करायचा ती अट) लावायचं राहिलं आणि एका ग्राहकाचा दर बदलायचा तो सगळ्यांचा बदलला. बॅकअप चढवेपर्यंत रात्रीचे साडेदहा वाजले. कोणी ओरडलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डेटाबेसचं काम माझ्याकडे येईनासं झालं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नकोच होतं. साधी सिलेक्ट, म्हणजे नुसती माहिती वाचायची आज्ञा, चालवायची तरी एंटर दाबायला हात धजावायचा नाही. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुला मोडायला एक स्वतःचा डेटाबेस हवा. पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्सपासून, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून, बांध."

मला वाटलं, लॅपटॉप पुढ्यात ओढशील आणि अर्ध्या तासात सगळं लावून देशील. तू चहाचा कप घेऊन शेजारी बसलीस आणि शेवटपर्यंत कीबोर्डला हात लावला नाहीस.

सोर्स गिटवरून उतरवला आणि कॉन्फिगर, म्हणजे बांधणीची पूर्वतयारी, पहिल्याच फटक्यात अडलं. आयसीयू लायब्ररी, म्हणजे निरनिराळ्या भाषांचे नियम सांभाळणारा तयार कोड, सापडत नाही म्हणे. नको असेल तर विदाउट-आयसीयू द्या, असंही तिथेच लिहिलं होतं. मी ते टाइप करायला घेतलं तशी तू थांबवलंस. 2023 मध्ये आलेल्या 16व्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस ही लायब्ररी न सांगता मागतं, आणि मराठी शब्द नीट क्रमाने लावायचे तर ती लागतेच, एवढंच बोललीस. "का ते तू शोध आणि मला सांग." लायब्ररी माझ्या उबुंटूवर (लॅपटॉपची लिनक्स प्रणाली) होतीच, नव्हत्या त्या बांधणीला लागणाऱ्या तिच्या हेडर फाइली. त्या देणारं डेव्ह पॅकेज टाकलं, बांधणीला लागणारे रीडलाइन, झेडलिब, बायसन, फ्लेक्सही टाकले आणि गाडी पुढे सरकली.

कॉन्फिगरला तू तीन गोष्टी जोडायला लावल्यास: डीबग, कॅसर्ट आणि ओ-झीरो. त्याने सर्व्हर हळू चालतो, पण आतला एखादा गृहीत नियम मोडला की गप्प न राहता जागच्या जागी थांबतो, आणि डीबगरमध्ये, म्हणजे चूक शोधायच्या साधनात, कोडची ओळ न् ओळ दिसते. मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी, चालू असताना स्क्रीनवर फाइलींची नावं धावत होती आणि तू सांगत होतीस की 1986 मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सुरू झालेलं हे काम 1996 पासून पोस्टग्रेस्क्यूएल या नावाने चाललंय आणि कुठल्याही एका कंपनीच्या मालकीचं नाही. मग मेक चेक, म्हणजे बांधलेल्याची तपासणी. त्याने स्वतःपुरता तात्पुरता सर्व्हर उभा केला आणि दोनशेहून जास्त चाचण्या एकामागून एक 'ओके' म्हणत गेल्या. "हे आधी हिरवं बघून ठेव," म्हणालीस, "म्हणजे पुढे काही बिघडलं तर ते तुझ्या बदलाने बिघडलं हे कळेल."

डेटाबेसची पहिली मांडणी करणारं इनिटडीबी मी सवयीने सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाच्या (रूटच्या) अधिकाराने, चालवलं आणि त्याने साफ नकार दिला. रूट म्हणून ते चालतच नाही. उद्या कोणी सर्व्हर फोडलाच तर त्याच्या हाती अख्खं मशीन लागू नये म्हणून.

पण मी खरी रडकुंडीला आले ती दुसऱ्या रविवारी. सर्व्हरचा लॉग म्हणत होता, मी तयार आहे. सर्व्हरशी बोलायचं साधन पीएसक्यूएल म्हणत होतं, सर्व्हर सापडत नाही, सॉकेटच (दोघांना जोडणारी फाइल) नाही. दोघं एकाच लॅपटॉपवर! मी दोनदा सगळं पुसून नव्याने बांधलं. तू फक्त विचारलंस, "कुठलं पीएसक्यूएल?" कुठली फाइल चालतेय ते सांगणारी व्हिच ही आज्ञा लावून पाहिलं तर ते उबुंटूच्या पॅकेजमधून आलेलं जुनं निघालं. ते सॉकेट व्हार-रनमधल्या पोस्टग्रेसच्या फोल्डरात शोधत होतं, आणि मी बांधलेल्या सर्व्हरने ते टेम्पमध्ये ठेवलं होतं. पाथमध्ये, म्हणजे आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, माझं बिन फोल्डर आधी लावलं, पोर्ट (सर्व्हरचा जोडणी क्रमांक) 5433 केला आणि प्रॉम्प्ट आला. ताई, त्या दिवशी चूक आधी पूर्ण वाचायची आणि मगच हात चालवायचा हे माझ्या अंगात उतरलं. तोवर मी लाल अक्षरं दिसली की वाचणंच सोडून द्यायचे.

तिसरा रविवार मी जन्मात विसरणार नाही. स्टेशनांचं टेबल केलं: कर्जत, कल्याण, कळवा, कसारा. कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला. दुसऱ्या खिडकीत बिगिन करून, म्हणजे नवा व्यवहार उघडून, दादर घातलं आणि कमिट न करता तसंच ठेवलं. मग तू म्हणालीस, "आता मार त्याला." किल वजा नऊ, म्हणजे त्या खिडकीची प्रोसेस जबरदस्तीने बंद करायची. माझा हात थरथरत होता. त्या एका बॅकएंडचा, म्हणजे सर्व्हरच्या त्या जोडणीच्या प्रोसेसचा, जीव गेला तशी मुख्य प्रोसेसने बाकी सगळ्यांनाही बंद केलं. लॉगमध्ये आलं की डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, आपोआप सावरणं चालू आहे. कमिट होताना त्याची नोंद आधी वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनाम्यात, पक्की होते. तोच रोजनामा वाचून सर्व्हर क्षणात परत उभा राहिला. चारही स्टेशनं जागेवर, दादर नाही. मी ते सात वेळा केलं. सातही वेळा चारच स्टेशनं. तू एकदाही पुरे म्हणाली नाहीस.

ऑफिसात आता कुठलाही अपडेट मी बिगिनने सुरू करते, किती ओळी बदलल्या तो आकडा वाचते आणि मगच कमिट करते. गेल्या महिन्यात मी होऊन डेटाबेसचं काम मागून घेतलं.

आणि तुझा गृहपाठ. नुसतं ऑर्डर बाय केलं, म्हणजे नावं क्रमाने मागितली, तर कळवा कसाऱ्याच्या आधी येतो, कारण युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत) ळ हा ल च्या पाठोपाठ बसवलाय. पण आपण शाळेत म्हटलं ते य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. ळ ह च्याही नंतर. आयसीयूला हे माहीत आहे. कोलेट (क्रमाचा नियम निवडणारा शब्द) लावून एमआर-एक्स-आयसीयू हा मराठीचा नियम दिला तर कर्जत, कल्याण, कसारा, कळवा. त्या दिवशी विदाउट-आयसीयू टाइप केलं असतं तर माझं स्वतःचं स्टेशन माझ्याच डेटाबेसमध्ये चुकीच्या जागी राहिलं असतं.

रविवारी डोंबिवलीला येते. या वेळी चहा मी करणार.

तुझी,
कळव्याची